बिनबंदुकीचा गनर

लाइल हावरकॅम्प हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. बोलायला कमी, खायला भारी. आमच्या तुकडीत तो गनर म्हणून आला होता; विमानाच्या पाठीवरची मशीनगन त्याची. पण युटाच्या वाळवंटात सराव चालू असतानाच हुकूम आला, विमानं हलकी करा. शेपटीची तेवढी बंदूक ठेवून बाकीच्या उतरवल्या. बंदुकांबरोबर गनरही उतरले.

त्याच्या विमानाचं नाव ‘मेबल’. तिचा वैमानिक कॅप्टन डॉयल ब्रँटनरनं ते आपल्या आत्यावरून ठेवलेलं. तो लाइलला चिडवायचा, “आत्याबाईंचं वजन उतरवायचं होतं रे. सगळ्यात जड तूच निघालास!”

लाइलला दुसऱ्या तुकडीत जायची मुभा होती. गेला नाही. मी मेबलचा मुख्य मेकॅनिक, माझ्याकडे येऊन म्हणाला, “उस्ताद, मला हाताखाली घ्या. ही माणसं उडणार असतील तर मला त्यांच्याजवळच राहायचंय.”

पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर आलो तर आमचा तळ तारांच्या कुंपणाआड. शेजारच्या तुकड्या रोज जपानवर जायच्या, माणसं गमावायच्या. आम्ही कशासाठी आलोय, ते आम्हालाही माहीत नव्हतं. कुंपणापलीकडून टोमणे यायचे, “काय जावईबापू, आज तरी घराबाहेर पडणार का?”

१९४५च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे आमची काही विमानं निघाली. मेबल पुढे होती. एका गावावर आभाळ कसं आहे ते पाहायचं आणि कळवायचं, एवढंच तिचं काम. दुपारी रेडिओच्या तंबूतून खबर आली: नवाच बॉम्ब, एकच, अख्खं शहर गेलं. मेबल गेली त्या गावावर नाही, दुसऱ्याच गावावर पडला होता. धावपट्टीवर माणसं नाचायला लागली. एकेक विमान उतरू लागलं.

मेबल आली नाही.

लाइल धावपट्टीच्या कडेला उभा होता, टोपी न घालता, भर उन्हात. “तिसरं इंजिन मी बांधलं होतं, उस्ताद.”

“मी तपासलं होतं की.”

“तुम्ही वरून तपासलंत. आतले हात माझे होते.”

मी पाण्याचा डबा पुढे केला. त्यानं तो नुसताच हातात धरला.

ऊन कललं तेव्हा कळलं की मेबल वाटेतल्या इवो जिमा बेटावर उतरली आहे. एक इंजिन बंद पडलं होतं; माणसं सगळी ठीक. तेव्हा कुठं लाइल डब्यातलं पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी विमान आलं. शिडीवरून एकेक जण उतरला तसा लाइल प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेला, गोठ्यात परतलेली गुरं पाहावीत तसा.

“इंजिन?” त्यानं विचारलं.

“तेलाची नळी फुटली,” ब्रँटनर म्हणाला. “कारखान्यातूनच चिरलेली आली होती. तुझं काम पक्कं होतं; बाकीच्या तीन इंजिनांनाही तुझे हात लागले होते, त्यांनीच आणलं आम्हाला.”

लाइलनं तोंड फिरवून डोळे पुसले. मग ब्रँटनर हळूच म्हणाला, “आम्हाला पाहायला दिलेल्या गावावर ढग होते. तसं कळवलं, म्हणून बॉम्ब दुसरीकडे गेला. ढगांच्या फटीतून खाली रस्त्यावर कुणी तरी सायकलवरून चाललं होतं म्हणे, दुर्बिणीतून आमच्या एका पोरानं पाहिलं. ते गाव वाचलं.” त्याला हायसं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाजही.

त्यानंतर आणखी एका शहरावर तसाच बॉम्ब पडला. पुढच्या उड्डाणाची तयारी चालूच होती. नवी नळी बसवून लाइल दुरुस्तीच्या लाकडी घोडीवर चढून इंजिनात डोकं घालून होता, तेवढ्यात तळावर बोंब उठली: जपाननं हात टेकले! कुणी टोप्या उडवल्या, कुणी हवेत गोळ्या झाडल्या.

लाइलनं वरूनच विचारलं, “उस्ताद, मग हे झाकण लावू की राहू दे?”

“लाव लेका,” मी म्हणालो. “घरी जायला विमान लागेलच की.”

तो हसायला लागला. हसता हसता पाना हातातून सुटला, आणि तो तिथेच, इंजिनाला टेकून, लहान पोरासारखा रडत राहिला.