व्हिडिओतले गवस सर

बोरिवली पूर्वेच्या एका क्लासमध्ये लवू गवस इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवायचे. जीव ओतून शिकवायचे, आणि तिथेच चुकले. वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत आलं. लवूने एम.एस्सी. केलं, तरी कायमची नोकरी एकाही कॉलेजाने दिली नाही. तासावर बोलवायचे आणि परीक्षा संपली की ओळखही दाखवायचे नाहीत. शेवटी क्लासमालक चंद्रप्रकाशने आपल्याकडे घेतलं, आणि मुलांनी गवस सरांना डोक्यावर घेतलं.

आयगेन व्हॅल्यू हा त्यांचा हातखंडा. बाकीचे मास्तर फळ्यावर सूत्र टाकून मोकळे होत. गवस फळा पुसायच्या फडक्यावर पेनाने रेघा मारत आणि समोरासमोरचे कोपरे दोन मुलांना ओढायला लावत. बहुतेक रेघा कलंडायच्या; कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची मात्र दिशा न सोडता नुसती लांब व्हायची. ते सांगत, मॅट्रिक्स, ती आकड्यांची चौकट, म्हणजे ही ओढाओढ. त्यात जी रेघ आपली दिशा सोडत नाही ती शोधायची. ती कितीपट झाली, तो आकडा म्हणजे आयगेन व्हॅल्यू, लिहिताना लॅम्डा. मग मॅट्रिक्समधल्या मुख्य तिरप्या ओळीतल्या आकड्यांची बेरीज करायला लावत. सगळ्या आयगेन व्हॅल्यूंची बेरीज तेवढीच आली पाहिजे, नाहीतर कुठेतरी माती खाल्ली असं समजायचं.

लॉकडाऊनमध्ये चंद्रप्रकाशने त्यांची सगळी लेक्चरं रेकॉर्ड करून घेतली. स्क्रीनवर नुसता लिहिणारा पेन आणि आवाज. माणूस दाखवला की फाइल जड होते म्हणे. रिकाम्या खोलीत बोलून बोलून गवस कंटाळले, आणि एका साध्या गणितात घसरले. वरच्या ओळीत चार आणि एक, खालच्या ओळीत दोन आणि तीन. उत्तर पाच आणि दोन. त्यांनी उणे पाच, उणे दोन लिहिलं, आणि बेरीज न ताडताच पुढे गेले. समोर मुलं असती तर एखादं तरी 'सर, चिन्ह चुकलं' म्हणालंच असतं. मायक्रोफोन कशाला बोलतोय!

क्लास पुन्हा उघडला तेव्हा मोठ्या पडद्यावर तीच रेकॉर्डिंग लागू लागली. गवसांच्या वाट्याला शंका सोडवायचा संध्याकाळचा तास तेवढा उरला. स्वतःच्याच आवाजाचे मदतनीस झाले बिचारे, आणि घरच्या ओढाताणीपायी तेही गिळलं.

एके दिवशी प्रांजल नावाची मुलगी वही घेऊन आली. बेरीज सात यायला हवी, उणे सात येतेय, म्हणाली. गवसांनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे चुकलंय गं."

"पण सर, लेक्चरमध्ये तुम्हीच सांगितलंय ना."

"मीच चुकलो. हे बघ, एक आणि एक अशी रेघ घे. चार अधिक एक, पाच. दोन अधिक तीन, पाच. पाच-पाच आले, म्हणजे त्याच दिशेला पाचपट. उणे कुठून येणार?"

प्रांजलला पटलं. तिने बॅचच्या ग्रुपवर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पालक विचारायला लागले की नक्की कुठलं उत्तर खरं. गवस स्वतःच चंद्रप्रकाशच्या केबिनमध्ये गेले. तेवढं लेक्चर पुन्हा करून देतो, पैसे नकोत, म्हणाले. आपल्या नावावर चुकीचं गणित फिरतंय हे त्यांना सहन होत नव्हतं. चंद्रप्रकाशला मात्र ते झकास सहन होत होतं. मुलुंडच्या शाखेतही रेकॉर्डिंगचा तोच सेट मुलांना विकलेला; दुरुस्ती म्हणजे चुकीची कबुली.

"गवस सर, मुलं कन्फ्युज होतात," तो शांतपणे म्हणाला. "व्हिडिओत एक सांगता, तासाला दुसरं. आपण एकच सर ठेवू या."

"कुठला?"

चंद्रप्रकाशने मोबाइल उचलला आणि कुणाला तरी फोन लावला. पुढच्या महिन्यापासून शंकांचा तास बंद झाला. चिन्ह चुकलं म्हणून नाही, चुकलं असं सांगितलं म्हणून माणूस काढला. याला धंद्याची अक्कल म्हणायचं, दुसरं काय.

नव्या वर्षी गवस अनुभवाचा दाखला मागायला गेले. वर्गाचं दार उघडं होतं. नवी बॅच माना खाली घालून लिहीत होती आणि पडद्यावरून त्यांचाच आवाज सांगत होता, लॅम्डा बरोबर उणे पाच. एकही हात वर झाला नाही. गवसांना राहवलं नाही. ते दारातूनच म्हणाले, "चिन्ह चुकलंय. अधिक पाच लिहा."

शेवटच्या बाकावरची मुलगी वळली. तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काका, प्लीज," ती म्हणाली, "सर शिकवतायत."