नवा कागद लावा

बिलकीस,

तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू हात झटकलेस. म्हणालीस, माझ्यावर काय लिहायचंय बाई, मी काय कलेक्टर आहे? कलेक्टरांवर लिहायला पुष्कळ माणसं असतात. जव्हार-मोखाड्याच्या कचेऱ्यांत जे कारकून मान खाली घालून टाईप करत बसलेत, त्यांतल्या निम्म्यांची बोटं तुझ्या वर्गात वळणावर आली. त्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते. गोष्ट तूच सांगितलेली आहे, कंटाळत, तुकड्यातुकड्यांनी. मी ती सलग केली, एवढंच. आणि 'तू, तू' करत लिहायला बसले तर मध्येच तुला रागवावंसं वाटेल मला. तेव्हा इथून पुढे तू 'ती'.

टायपिंगचा वर्ग तिच्या वडिलांचा, कुतुबुद्दीनसाहेबांचा. खाली वर्ग, वर घर. त्या वर्गाचा कायदा एकच: चूक झाली की कागद काढायचा, फाडायचा, नवा लावायचा. खोडरबर आणायचा नाही, अक्षरावर अक्षर मारायचं नाही. चूक अगदी शेवटच्या ओळीत असली तरी. साहेब मागे उभे राहून हलकेच म्हणत, "नवा कागद लावा," आणि पोरं रडकुंडीला येत. ते गेल्यावर हेच वाक्य बिलकीस म्हणू लागली. फक्त हलकेच नाही.

कॉपीला तर तिथे थाराच नव्हता. नीलेश नावाच्या पोराने सराव परीक्षेचा कागद मित्राकडून टाईप करून घेतला, तर तिने त्याला ते सत्र घरी बसवलं होतं. याच नीलेशने पुढे एसटी स्टँडजवळ संगणक वर्ग काढला आणि बिलकीसच्या बहुतेक टायपिंगच्या मशीनींवर दिवसभर कापड झाकलेलंच राहू लागलं. पोरांचं काय चुकलं? नोकरीच्या जाहिरातीत टायपिंगच्या जोडीला संगणकाचं प्रमाणपत्र मागू लागले होते. पोशेरा गावची कोंडी, वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी, हिने तर एक दिवस तोंडावरच विचारलं, "मॅडम, तुम्ही कंपूटर आणताय का मी नीलेशसरांकडं जाऊ? राग नका धरू."

राग कसला धरायचा. बिलकीसने फळ्यावर लिहिलं, एक जूनपासून संगणक वर्ग. आधी लिहिलं आणि मग नाशिकला गेली. ही तिची रीत. जूनची तुकडी भरली तर वर्ग चालणार होता, नाही भरली तर वडिलांच्या मशीनी भंगारात. तिसरं काही नव्हतं.

नाशिकच्या दुकानदाराने संगणकाचं मशीन जोडून दिलं आणि वर विंडोज फुकटात टाकून देतो म्हणाला. तिने विचारलं, विकतची की उतरवलेली? तो हसला. म्हणाला, सगळे हीच वापरतात.

"सगळे माझ्या वर्गात शिकलेले नाहीत," ती म्हणाली.

तेव्हा खरी सीडी मुंबईहून मागवावी लागली. वीज गेली तरी मशीन चालू ठेवणारी बॅटरी घ्यायला जे पैसे बाजूला ठेवले होते, ते त्या सीडीत गेले. कोरं मशीन आधी आलं, सीडीचं खोकं मागाहून एसटीच्या पार्सलने. टाकायची कशी, हे दुकानदाराने फोनवर सांगितलं: सीडी घाला, मशीन चालू करा, पडद्यावर 'कुठलीही कळ दाबा' असं इंग्रजीत आलं की दाबा, पुढे ते विचारेल तसं करत जा.

साल २००५. उन्हाळा. भारनियमनाने माणसं टेकीला आली होती. वीज सकाळी जायची, दुपारी यायची, आलेली टिकेल याची खात्री नाही. बिलकीसचा धाकटा भाऊ जुल्फिकार शेजारीच घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने खोकं उलटंपालटं करून पाहिलं. "आपा, मशीन को क्या मालूम असली क्या, नकली क्या," तो म्हणाला. "लेकिन लाइट को बराबर मालूम है कि तुम्हारे पास बॅटरी नहीं."

पहिल्या दिवशी तिने सगळं मनापासून केलं. कळ दाबली. निळ्या पडद्यावरचं इंग्रजी ओळ न् ओळ वाचलं. डिस्क साफ करायचे दोन प्रकार होते, एक झटपट आणि एक सावकाश. झटपटवर तिचा विश्वास नाही, तिने सावकाश घेतला. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा शंभरावर पोचेपर्यंत अर्धी दुपार गेली. मग फाइली चढल्या, मशीन आपणहून बंद होऊन, कळेची वाट न बघता पुन्हा सुरू झालं, खोक्यावरचा नंबर मागितला, तो तिने कळांकडे न बघता अचूक टाईप केला. अजून अर्धा तास, असं पडदा म्हणाला, आणि पंखा मंद होत थांबला.

वीज आल्यावर मशीनने पुन्हा विचारलं, कुठलीही कळ दाबा. तिची बोटं कळांवर तयारच होती. तिने दाबली. निळा पडदा. अर्धवट काम डिस्कवर दिसत होतं. अर्धवट, म्हणजे चुकलेला कागद. तिने ते सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. कधी साफसफाईतच वीज जायची, कधी नंबर टाकल्यावर, एकदा तर काम किती झालं ते दाखवणारा शेवटचा पट्टा भरत आला असताना. प्रत्येक वेळी तिने पुसून टाकलं. स्वयंपाक दुपारऐवजी पहाटे होऊ लागला. टायपिंगच्या पोरी स्वतःच कागद लावून स्वतःच फाडत होत्या. फळ्यावरचा एक जून रोज जवळ येत होता, आणि आठवड्याच्या बाजाराला आलेली माणसं दारातून डोकावून विचारून जात होती, झालं का सुरू? शेवटी तिने उत्तर देणं सोडलं. नुसती मान हलवायची, कशीही.

एका दुपारी नीलेश आला. कुचकेपणाने नव्हे, हे तिला मान्य करावं लागलं. चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला.

"मॅडम, माझी तयार डिस्क जोडून देतो. तुमचा चहा होईस्तोवर उतरेल. खोकं तर तुम्ही घेतलंयच विकत. कोणाला कळणारे?"

"तुला कळेल," ती म्हणाली.

तो हसला, चहा पिऊन गेला. तो गेल्यावर ती खुर्चीवर तशीच बसून राहिली. मला सांगताना म्हणाली, बाई, त्या दिवशी मी हो म्हणणार होते, तोंडातून भलतंच निघालं.

मेच्या अखेरीस एकदा पुन्हा काम अर्ध्यावर आलं आणि पुन्हा वीज गेली. ती उठलीसुद्धा नाही. वीज आली तेव्हा मशीनने विचारलं, कुठलीही कळ दाबा. तिचे हात मांडीवर होते. तिला दिसत होतं, वाचताही येत होतं, पण हात उचलायचं त्राण नव्हतं. पुसायचं, साफ करायचं, बघत बसायचं, कशाला? तिने दाबलं नाही. प्रश्नापुढे वाट बघणारे ठिपके उमटत गेले, संपले. आता मशीन रुसणार, असं तिला वाटलं.

मशीन रुसलं नाही. मागच्या ठिकाणाच्या थोडं अलीकडून त्याने आपलं काम पुन्हा धरलं आणि पुढे चालू लागलं. इतके दिवस ते तेच करायला तयार होतं. हिनेच दर वेळी कळ दाबून त्याला मागे, सीडीच्या सुरुवातीला नेलं होतं.

संध्याकाळी काम पुरं झालं आणि पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. जुल्फिकारने बघून टाळी वाजवली. ती म्हणाली, दार लाव, मला झोपायचंय.

एक जूनला चौघी आल्या, त्यांत कोंडी. बाकीची तुकडी कधीच स्टँडजवळ भरली होती. चौघींवर वर्ग चालत नाही, पण बंदही करता येत नाही. कोंडी संगणकावर बसली, दुसऱ्याच ओळीत चुकली आणि हात वर करून मागे बघू लागली. नव्या कागदाची वाट बघत होती. बिलकीसने वाकून कोंडीचं बोट धरलं, कोपऱ्यातल्या खोडायच्या कळेवर टेकवलं आणि म्हणाली, "एवढंच खोड. पुढे चल."

आता पुन्हा 'तू', बिलकीस. त्याच पावसाळ्यात तू मला एक पुडी दिली होतीस. वर्गातल्या मराठी टाइपरायटरची 'ळ' उमटवणारी दांडी तुटली होती, तीच पुडीत. बाई, नाशिकला जाल तेव्हा जोडून आणा, घाई नाही, असं म्हणालीस. मी गेले तेव्हा टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. त्यानंतर त्या मशीनवर कोणी बसलं नाही, म्हणून तू विचारलं नाहीस. पुडी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.