आईच्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग

व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर यांत फरक काय, हे अंधेरीच्या ऑफिसात नव्या पोरांना मीच शिकवतो. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा अख्खा कॉम्प्युटर. ऑपरेटिंग सिस्टीम त्याची स्वतःची, डिस्कही स्वतःची. जड असतो, पण आत ठेवलेलं जागेवर राहतं. कंटेनर बाहेरच्याच सिस्टीमवर चालतो, म्हणून हलका आणि चटकन सुरू होणारा. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर पुसायचा, नवा उभा करायचा. म्हणून जपायचं ते बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. "आत ठेवलंत तर वाट लागली," हे माझं ठरलेलं वाक्य. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आईच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन ठरलं. आवाज कायमचा जाणार होता. बाबा गेल्यापासून भांडुपच्या आमच्या घरात गणपतीपुढे गाऱ्हाणं तीच घालायची. ती देवाकडे एकेक मागायची आणि आम्ही दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचो.

"माझो आवाज जातलो," ती म्हणाली, "गाऱ्हाणा मात्र ऱ्हवाक व्हया."

मी तिला घरच्या कॉम्प्युटरपुढे बसवून गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं. आमची रेकॉर्डिंगं सांभाळणारा प्रोग्राम कित्येक वर्षं व्हर्च्युअल मशीनमध्ये होता. जुना कॉम्प्युटर धापा टाकतो म्हणून मी तो नुकताच कंटेनरमध्ये हलवला होता. बाहेरचं फोल्डर जोडायचं राहिलं होतं. उद्या जोडू म्हटलं आणि हॉस्पिटलच्या फेऱ्यांत साफ विसरलो.

ऑपरेशननंतर प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. ऑफिसच्या सवयीने मी जुना कंटेनर पुसला, नवा सुरू केला. दोन मिनिटांत काम झालं म्हणून खूशही झालो.

चतुर्थीला आरती झाली, सगळे हात जोडून उभे राहिले. गाऱ्हाणं लावायला मी प्रोग्राममधली रेकॉर्डिंगांची यादी उघडली तर ती रिकामी.

"आये, माझ्या हातून पुसलं गेलं गं."

तिने हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. ती मात्र पदर सारखा करून गणपतीपुढे उभी राहिली. तिचे ओठ हलू लागले. ऑपरेशनात गळ्याला पाडलेल्या भोकातून हवा तेवढी येत होती. एक मागणं संपलं की ती थांबायची आणि वळून माझ्याकडे बघायची. काय मागितलं ते मला कळत नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणत होतो.