दीड इंच आखूड

फुलीबाई हे तिचं खरं नाव नव्हे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते तिला पडलं. एकतीस वर्षं ती तिथे तपासणीच्या टेबलापाशी उभी होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, टिपेवरून अंगठा फिरवायचा, दोष सापडला की निळ्या खडूने फुली मारायची. फुलीचा शर्ट शिवणारणीकडे परत, उसवायला. बाया तिला तोंडावर ताई म्हणायच्या आणि पाठीमागे फुलीबाई. तिला दोन्ही माहीत होतं. पाठीमागचं जास्त आवडायचं.

घरात तिची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, पुढची खोली. रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर दुपारपर्यंत ऊन. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती तिथे एकटी झोपत होती. मुलगा आणि सून मागच्या खोलीत. तिथे कपाटाचं दार उघडायचं तर एकाने पाय वर घेऊन पलंगावर बसावं लागे. हे ती रोज बघायची. बघून न बघितल्यासारखं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ती आठ दिवस बहिणीकडे जाऊन आली तर पुढच्या खोलीच्या भिंती राखाडी झाल्या होत्या. मधोमध नवा रुंद पलंग; मागचा जुना विकून टाकला होता. तिची खाट मागच्या खोलीत, धुण्याच्या मशीनला खेटून. खाटेवर तिची उशी, उशीवर चष्म्याचा डबा. माणूस गेल्यावर वस्तू लावून ठेवतात तसा.

"कशी वाटली खोली?" मुलगा म्हणाला.

"कोणाची?"

"आई, तुला धुळीचा त्रास नको म्हणून तू नसतानाच उरकून घेतलं."

"उरकलंस खरं," ती म्हणाली आणि पिशवीतले कपडे खाटेवर काढू लागली.

पंधरा दिवस तिने त्यावर एक शब्द काढला नाही. घरात सगळ्यांना वाटलं, निभावलं.

सोळाव्या दिवशी, रविवारी, सून सहा उशा घेऊन आली. अठरा इंची, चौकोनी, पलंगावर टेकवायच्या. त्यांचे अभ्रे घरीच करायचे होते: वर गडद हिरवं कापड, आत जाड थर, खाली अस्तर आणि तिन्ही मिळून शंकरपाळी टीप, रजईला असते तशी. हिरवं कापड म्हणजे दुकानातला शेवटचा तुकडा होता.

"सगळे मिळून केलं की दिवसात होईल," सून म्हणाली. "हे कापतील, मी रेघा आखते, आई टाचण्या लावेल. मशीनवर तुम्ही."

आई म्हणजे तिची आई, विहीणबाई. त्या सकाळीच स्वतःचा टाचण्यांचा डबा घेऊन हजर झाल्या होत्या. "तुमचा हात म्हणजे मशीनच हो," त्या लाडाने म्हणाल्या.

"मशीनला निदान तेल घालतात," फुलीबाई म्हणाली.

विहीणबाई हसल्या. मग हसणं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

मुलगा नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होता. पेन्सिलीला टोक काढतानाही तो श्वास रोखून धरायचा. त्याने कापड जमिनीवर पसरलं, कोपऱ्यांवर जाड पुस्तकं ठेवली आणि गणित मोठ्याने सांगितलं. उशी अठरा इंच, शिवणीला दोन्हीकडे अर्धा अर्धा, म्हणजे एकोणीस. बारा तुकडे, सहा पुढचे टीप घालायचे, सहा मागचे साधे. "अर्धं सूत इकडचं तिकडे होणार नाही," तो म्हणाला.

झालंही नाही. फुलीबाई मशीनवरून बघत होती. जाड थरावर टीप मारली की कापड आत ओढलं जातं. टीप कापड खाते. म्हणून आधी मोठा तुकडा शिवतात, मग मापाला कापतात. कारखान्यात हे झाडूवालीलाही ठाऊक होतं. कात्री पहिल्या रेघेवर चालली तेव्हा तिने तोंड उघडलं, पण ते दोऱ्याचं टोक ओलं करायला.

मग ती शिवायला बसली. प्रत्येक तुकडा मधून सुरू करून कडेकडे न्यायचा, तळव्याने सपाट करत. एकही टीप सुटली नाही, एकही रेघ वाकली नाही. ऊन मशीनवरून उतरलं, पलंगावर गेलं, तिथूनही गेलं. "तुम्हाला चहा?" सुनेने तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा चहा गार झाला.

चारच्या सुमारास सुनेने पहिला पुढचा तुकडा मागच्यावर ठेवला. फिरवून ठेवला. मग दुसरा.

"अहो, हे आखूड कसं?"

मुलाने पट्टी लावली. दीड इंच कमी. सहाच्या सहा. "मी एकोणीसच कापलं होतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"एकोणीसच होतं," फुलीबाई म्हणाली. "टीप कापड खाते. आधी शिवायचं, मग कापायचं."

सून तिच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"एकतीस वर्षं."

"मग सकाळपासून तोंडाला कुलूप होतं?"

"विचारलं कोणी?"

"हे उशांचं नाही. खोलीचं आहे. तीन वर्षं आम्ही त्या खुराड्यात काढली. एकदा तरी म्हणालात, घ्या रे पुढची खोली?"

"नाही म्हणाले."

"का?"

"त्याबद्दलही कोणी विचारलं नाही."

"जाऊ द्या हो," विहीणबाई म्हणाल्या, "उशा त्या उशा."

"तुम्ही तुमच्या टाचण्या मोजून घ्या, विहीणबाई. पायात जातील कोणाच्या."

मुलगा पट्टी हातात घेऊन उठला. "ठीक आहे. आता विचारतो. आई, ही खोली आम्हाला देतेस?"

पंधरा दिवस तिने हेच घोकलं होतं. तो विचारेल, आणि ती म्हणेल, घ्या बाबांनो, मला एकटीला काय करायचीय. वाक्य तयार होतं, इस्त्री करून ठेवल्यासारखं. तिने त्याच्याकडे पाहिलं, राखाडी भिंतीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

मागच्या खोलीत धुण्याचं मशीन खडखडत होतं.

"मग विचारून काय उपयोग झाला?"

"हाच."

तिने खणातून निळा खडू काढला, सहाही तुकड्यांवर फुली मारली आणि मागे जाऊन अंथरूण घेऊन आली.

"पलंग आमचा आहे," सून म्हणाली.

"न्या की मागे."

मागच्या खोलीत पलंग मावत नव्हता. मुलाने ते कधीच मोजून पाहिलं होतं. त्या दोघांच्या पलंगावर ती खिडकीकडच्या कडेला झोपू लागली, आणि ती दोघं मागे, एक खाटेवर, एक खाली. घरात बोलणं उरलं ते दूध आलं, दार लाव, एवढंच. तीन महिन्यांनी त्यांनी दुसरीकडे घर घेतलं. पलंग सुटा करून नेला, उशा नेल्या. हिरवे तुकडे मशीनच्या खणात राहिले. राखाडी भिंतीही राहिल्या. तिने त्या पुन्हा रंगवल्या नाहीत.

पावणेदोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. मागे सुनेचा आवाज होता, शब्द कळत नव्हते.

"आई, तसंच कापड मिळालंय. ही विचारतेय, किती वाढवून घ्यायचं?"

"दोन इंच. आणि कापायच्या आधी शिवा."

"बरं."

तो आणखी काही विचारेल म्हणून ती फोन कानाला लावून उभी राहिली. खालून एक गाडी गेली. त्याने विचारलं नाही. तिने फोन ठेवला.