मशीनच्या मापाची गल्ली

मालवण बंदरावर मुंबईच्या आगबोटीची वाट बघत आम्ही काही प्रवासी एका वखारीत थांबलो होतो. बाहेर वारा नको तेवढा सुटला होता. आत मिठाच्या गोणींच्या उंच थप्प्या आणि मधल्या गल्लीतून हमालांची ये-जा. माझ्या शेजारचा माणूस हमाल आला की दर वेळी पोट आत ओढून थप्पीला चिकटायचा. खरं तर जागा भरपूर होती.

मुंबईच्या एका गोदामात तो माल उचलायची गाडी, फोर्कलिफ्ट, चालवायचा. रजा संपवून परत निघाला होता.

"मशीन आल्यावर काम सोपं झालं असेल," मी म्हटलं.

"जुन्या मशीनाक वळाक रुंद गल्ली व्हयी होती. आता नवीन इलाहा. ता वळणा नाय, नुसते माल उचलूचे दांडे बाजूक सारता. म्हणान शेटान थप्प्यो जवळ सारल्यान. आदी मशीन इला तर माणसाक बाजूक सराक गावायचा. आता माणसान सराचा खंय?"

वळकटी उगीचच या काखेतून त्या काखेत घेत तो हळू म्हणाला, "आणि चलवतलंय मीच."

आगबोटीपर्यंत नेणारी होडी लागल्याची हाक आली. आम्ही दाराकडच्या, एका माणसापुरत्या अरुंद गल्लीतून निघालो, तो पुढे, मी मागे. एवढ्यात समोरून गोण घेतलेला हमाल आला. आता मागे सरणं भाग होतं. माझा सोबती जागीच थिजला.

"पाठी कोण आसा?"

"मी आसंय," मी म्हटलं.

हमाल ओरडत राहिला. मी गल्लीतून पुरता बाहेर पडेपर्यंत माझ्या सोबत्याने पाऊल मागे टाकलं नाही.