टीचर म्हणतात, आधी चालून दाखवा!

काही घरांत ओट्याखाली एक पिशवी असते आणि त्या पिशवीत बाकीच्या सगळ्या पिशव्या. आमच्या इंग्लिशच्या क्लासचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. एक ओढायला जावं तर मागून चार बाहेर येतात. मी मुळात बोलते कमी, त्यामुळे खर्च काही होत नाहीत. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, तरी पिशवी फाटायला आलीय!

*

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला.

मी चिपळूणची. लग्न होऊन भाईंदरला आले, तर इथे लिफ्टमध्ये हिंदी, किराणावाल्याकडे गुजराती आणि डॉक्टरकडे इंग्लिश! मला तर मराठीसुद्धा जपून वापरायची सवय. शेवटी नवऱ्याला, म्हणजे निलेशला सांगून मी एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नाव घातलं. दुपारची बॅच. दार ढकललं, तर पहिल्या बाकावर माझ्या सासूबाई!

घरातून त्या भजनी मंडळाला म्हणून निघाल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत टाळ!

"आई, तुम्ही?"

"तू?"

मग बाकावर सरकून त्यांनी मला जागा केली आणि कानात म्हणाल्या, "ह्यांना न्हाय सांगायचं हां!"

आईंचं माहेर चेणे गावचं. एरवी अगदी आमच्यासारखंच बोलतात, पण घाबरल्या की त्यांची भाषा घोडबंदर रोडने थेट माहेरी जाते.

*

घाबरण्यासारखंच होतं. माझी नणंद प्रणाली अमेरिकेत, सहावा महिना लागलेला, तिथे मदतीला कोणी नाही. आई-बाबांची व्हिसाची मुलाखत एकत्र होती. व्हिसा मिळाला तर लेकीच्या बाळंतपणाला आई पोचणार, नाहीतर फोनवरूनच डिंकाचे लाडू दाखवायचे.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. इंग्लिश पक्कं, पण सगळं सरकारी पत्रव्यवहारातलं. त्यांनी जाहीर केलं होतं, "मुलाखतीत मी बोलेन. तू फक्त मान हलव. चेण्याला जायचं तरी तुला बसमध्ये बसवून द्यावं लागतं, तू तिथे काय बोलणार!"

आईंनी मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी टाळ उचलून क्लासला आल्या.

*

आमच्या फिलोमिना टीचर म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. त्यांचा नियम एकच: शब्द तोंडात नंतर, आधी पायात. जमिनीवर खडूची रेघ. रेघेच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला टीचरचं टेबल. त्या शब्द सांगणार आणि आपण तसं चालत टेबलापर्यंत जायचं.

महिनाभर एकच विषय होता, कशाच्या तरी दिशेने जाणे. मराठीत आपण 'गेलो' म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्लिशवाल्यांची जायची तऱ्हाच किती! 'अप्रोच' म्हणजे अदबीने जवळ जाऊन थांबायचं. 'हेड फॉर' म्हणजे ठरवून निघायचं, मग थांबायचं नाही. 'एज टुवर्ड्स' म्हणजे भिंतीला धरून, कुणाच्या लक्षात येणार नाही असं कडेकडेने. 'टॉडल टुवर्ड्स' म्हणजे लहान मुलासारखं डुगडुगत.

"आणि ऐन वेळी शब्द विसरला तर, टीचर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर चालून दाखवायचं. शब्द मागून येतो!"

एवढ्यावर थांबत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी होमवर्क दिला: "रोजच्या जागी करून बघा!"

*

आमच्या वर्गातले सावंतकाका एका बँकेत वॉचमन. बंदूकवाले. त्यांच्या वाट्याला आलं 'मेक अ बीलाइन फॉर'. म्हणजे मधे काहीही येऊ दे, नजर समोर ठेवून सरळ सुटायचं.

काका बँकेत गेले. दारात उभे राहिले. आणि खांद्याला बंदूक तशीच ठेवून मॅनेजरच्या केबिनकडे सुटले!

बँकेतली माणसं धडाधड जमिनीवर आडवी. एक आजोबा पासबुक डोक्यावर धरून बसले. काका केबिनमध्ये पोचले तर खुर्ची रिकामी. ते वाकले.

"गुड मॉर्निंग, सर! आय मेड अ बीलाइन फॉर यू!"

टेबलाखालून आवाज आला, "सावंत, मला लहान मुलं आहेत!"

दुसऱ्या दिवशी काका वर्गात आले ते पडेल चेहऱ्याने. बंदूक काढून घेतली होती, दारावर टोकन वाटायला बसवलं होतं. आम्ही सगळे हळहळलो. टीचर मात्र म्हणाल्या, "बट द सेंटेन्स वॉज करेक्ट!"

*

हेतलबेनना 'क्लोज इन ऑन' मिळालं. सगळ्या बाजूंनी हळूहळू घेरत जायचं. हे एकटीने कसं करणार? त्या दोन जावांना घेऊन भाजी मार्केटात गेल्या आणि तिघी तीन बाजूंनी, एक अक्षर न बोलता, एका भाजीवाल्याकडे सरकायला लागल्या.

भाजीवाल्याने आधी हेतलबेनकडे बघितलं. मग डावीकडे. मग उजवीकडे. आणि एकदम हात जोडले.

"भाभी, गलती हो गई! आधा किलो का बाट कल ही बदल दूँगा!"

हेतलबेन त्याच्याकडून, त्याच खोट्या वजनाने, सात वर्षं भाजी घेत होत्या. त्यांना बसलेला धक्का त्यांनी आम्हाला गुजरातीत सांगितला, कारण तो इंग्लिशमध्ये मावत नव्हता.

*

माझा होमवर्क 'ड्रॉ निअर'. सावकाश, जवळ जवळ जात राहायचं. टीचर म्हणाल्या, "तू न्यूली मॅरिड, तुला ईझी!"

निलेश सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. मी दारापासून निघाले. एक पाऊल, थांबले, पुन्हा एक पाऊल. अगदी त्याच्यापाशी पोचले.

मान वर न करता तो म्हणाला, "चार्जर टीव्हीमागे आहे."

*

आई मात्र जीव तोडून सराव करायच्या. बाबा पेपर वाचत असले की आम्ही दोघी पॅसेजमध्ये. आईंचं आवडतं 'एज टुवर्ड्स'. भिंतीला पाठ लावून, कडेकडेने, फ्रिजपर्यंत. मागोमाग मी.

एकदा पेपर खाली आला. बाबा चष्म्यावरून बघतायत!

"गुडघे धरले," आई म्हणाल्या.

"तुझे धरले. हिचे पण?"

मी आपली गप्प. माझ्या गप्प राहण्याचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला.

बाबांनी आठवडाभर आमच्यावर नजर ठेवली आणि दोघी फ्रिजच्या बाजूलाच वाकड्या चालतो, असा निष्कर्ष काढला. रविवारी चक्क एक वास्तुवाले घरी! त्यांनी होकायंत्र फिरवलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "दोष फ्रिजमध्ये आहे."

फ्रिज हॉलमध्ये आला. तेव्हापासून आमच्याकडे टीव्ही बघणाऱ्याला मधे मधे उठून दुधाचं पातेलं काढून द्यावं लागतं.

*

आणि मग मुलाखतीचा दिवस.

सकाळी दोघं निघाले. बाबा पुढे, फाइल बगलेत. आई नेहमीसारख्या चार पावलं मागे. जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, "सगळं इसरले गं मी!"

दुपारी बेल वाजली. दारात आई. एकट्या!

"बाबा?"

"ते तिथंच हायेत. खिडकीशी."

माझ्या हातातलं लाटणं पडलं. आईंनी स्वतःच फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली, अर्धी संपवली आणि आत जाऊन आडव्या झाल्या. काय झालं, व्हिसाचं काय, काही नाही! प्रणालीचे फोनवर फोन. मी काय सांगणार?

तासाभराने बाबा आले. बूट न काढता सोफ्यावर बसले. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं सांगू लागले.

खिडकीच्या काचेपलीकडे एक गोरी तरुण बाई होती. तिने विचारलं, कशासाठी जाताय? बाबांनी सुरुवात केली, "विथ रेफरन्स टू युअर क्वेश्चन, मॅडम..." आणि ते आपल्या पहिल्या नेमणुकीपाशी पोचले तोच तिने हात वर केला.

"नॉट यू, सर. युअर वाइफ." आणि आईंना विचारलं, "व्हॉट विल यू डू देअर?"

आईंच्या तोंडून शब्दच नाही! बाबा मदतीला वाकले, तर आईंनी त्यांना हाताने बाजूला केलं.

"मला! बाजूला!" बाबा भिंतीला म्हणाले.

मग आई मागे गेल्या. पार मागच्या दोरीपर्यंत. आणि तिथून, सगळ्या रांगेदेखत, दोन्ही हात पुढे करून डुगडुगत काचेकडे यायला लागल्या. मधे एकदा पडता पडता सावरल्या. काचेपाशी पोचल्या, वळल्या, हात पसरून उभ्या राहिल्या.

"बेबी," आई म्हणाल्या. "टॉडल टुवर्ड्स मी!"

ती बाई हसली नाही. म्हणाली, "बेबीज वॉक ॲट वन इयर, मॅडम. यू विल स्टे वन इयर?"

"संपलं!" बाबा मला म्हणाले. "मी फाइल मिटली. वर्षभर राहणार म्हटल्यावर कोण सोडतंय!"

"मग?"

"मग तुझी सासू म्हणाली, नो. बेबी बॉर्न, बेबी बाथ, देन आय हेड फॉर होम. आणि निघाली!"

"कुठे?"

"दाराकडे! ताठ! मी हाका मारतोय, ती थांबायलाच तयार नाही. शिपायाने दार उघडलं, ती बाहेर. ती गोरी खुर्चीतून उठून काचेला नाक लावून बघतेय. मला विचारते, व्हेअर इज शी गोइंग?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? भाईंदर!"

मी सोफ्याजवळ सरकले.

"पासपोर्ट?"

"ठेवून घेतले. दोघांचे. व्हिसा मंजूर," बाबा म्हणाले.

आतून आईंच्या घोरण्याचा आवाज येत होता. बाबांनी त्या दिशेने बघितलं. मग पॅसेजच्या भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग फ्रिजकडे.

उठले, बूट काढले, आणि फ्रिज पुन्हा जुन्या जागेकडे ढकलायला लागले.