बाराव्या पट्टीवरचा चढा सूर

माझ्या सुनेच्या हातून गिटार पडली नव्हती. मी बऱ्याच नातेवाइकांना उलटं सांगितलं आहे, म्हणून हे लिहितो.

निवृत्तीनंतर मी गिटार शिकलो. हुडकेश्वरच्या घरी बैठकीत, कूलरच्या समोरच्या भिंतीवर मीच खिळा ठोकून ती टांगली. दुपारी थंड हवेत बसून वाजवायचो. सूनही वाजवायची. ती माझ्याआधी शिकली, हे मला फारसं रुचलं नव्हतं.

एका मे महिन्यात गिटार बिघडली. मोकळ्या तारा मोबाइलवरच्या ट्यूनरवर अचूक लागत, पण मधोमध, दांड्यावरच्या बाराव्या पट्टीवर तार दाबली की सूर चढा. तिथे मोकळ्या तारेचाच वरच्या सप्तकातला सूर यायला हवा. मी नव्या तारा चढवल्या, खुंट्या तपासल्या. फरक पडेना. तारा दांड्यापासून उचलल्यासारख्या दिसत होत्या आणि दाबताना बोटं दुखत होती. आपोआप असं होत नाही, पडली असणार, असं मी धरून चाललो. आणि घरात माझ्याशिवाय तिला हात लावणारी एकच होती.

मी टॉर्च घेऊन कडा तपासल्या. एक बारीक ओरखडा सापडला. तो आधीपासून होता का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

"पडली काय हातून?" मी सुनेला विचारलं.

"नाही जी बाबा. पुसली अन् टांगली."

"मग हा ओरखडा?"

"तो तुमच्या बेल्टच्या बक्कलचा असंल."

हे उत्तर मला फार तयार वाटलं. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून तिच्या मागे लागून राहिले जी? गिटार हाय का सोन्याची?" दोघी मिळालेल्या आहेत, असंही मला वाटलं.

सुनेने त्या दिवसापासून गिटारीला हात लावला नाही. मला तीही कबुलीच वाटली. मी मुलीला फोनवर सांगितलं, साळीला, म्हणजे बायकोच्या बहिणीला सांगितलं. मग प्रत्येक कार्यक्रमात मुलगी म्हणायची, "वहिनीच्या हातात काचेचं भांडं देऊ नका गा कोणी!" सगळे हसत. सून पानं वाढत राहायची.

थंडीत सूर आपोआप जागेवर आला. मी खूश व्हायचं सोडून नवा संशय घेतला, की हिने गुपचूप सीताबर्डीच्या दुकानात नेऊन दुरुस्त करून आणली.

पुढचा उन्हाळा लागताच कूलरला वाळ्याची नवी खस लावली, पाणी भरलं. काही दिवसांतच बाराव्या पट्टीवर सूर पुन्हा चढला. या वेळी गिटारीला माझ्याशिवाय कोणाचाच हात लागला नव्हता. मी गिटारीच्या पोटावर स्टीलची मोजपट्टी आडवी धरली. तारा जिथे अडकवतात तिथलं लाकूड फुगलं होतं. दिवसभर कूलरची ओली हवा थेट त्यावर येत होती; लाकडासोबत तारा वर उचलल्या जात आणि दाबताना जास्त ताणून सूर चढत होता. गिटार आतल्या खोलीत कपाटात ठेवली; काही आठवड्यांनी तारा खाली बसल्या, सूर उतरला.

तरी मी गप्प राहिलो. अक्षय तृतीयेला मुलगी-जावई आले होते. पन्ह्याचे ग्लास घेऊन सून आली आणि मुलीने तोच विनोद सुरू केला.

"तिनं नाही पाडली," मी म्हणालो. "मी कूलरसमोर टांगली म्हणून लाकूड फुगलं. ती खरं बोलत होती."

मुलगी म्हणाली, "काय बाबा! मी मजाक करून राहिली होती."

सुनेने ग्लास खाली ठेवले. "मजाक तुमची होती, ताई. खोटारडी मी झाली." मग माझ्याकडे वळून, "मावशींना बी सांगा जी. आताच. माझ्यासमोर."

मी साळीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, सून बाजूला बसली हाय काय? काहून घाबरता? नंतर सांगा खरं काय ते."

सून माझ्याकडे पाहत होती. मी फोन तोंडाजवळ घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.